फॉलोअर ही कमाई नव्हे, ठेव आहे

गेल्या रविवारी दुपारी आमची भाची घरी आली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील कंत्राटी सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. आल्या आल्या पाण्याचा तांब्याही न घेता तिने पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "मामा, तुम्ही ऑफिसात सगळ्यांची बिलं तपासता. आज माझा हिशोब तपासा."

मला वाटले फीचा हिशोब असेल. वही उघडली तर आत तारीखवार रकाने आखलेले. किती जणांनी पाहिले, किती लाइक, किती कमेंट, किती जणांनी सेव्ह केले, किती जणांनी पुढे पाठवले, किती फॉलोअर वाढले, किती गेले. आमच्या बाई इन्स्टाग्रामवर एक पान चालवतात हे घरात सर्वांना ठाऊक होते. त्याचा अडीच वर्षांचा रोजमेळ तिने असा लिहून ठेवला आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आपल्या घराघरांत असा एक तरी मुलगा किंवा मुलगी आहे. आई ओरडते, "त्या डबड्यात काय ठेवलंय?" बाप मोबाईल काढून घेण्याची धमकी देतो. आणि एखादे दिवशी त्याच पोराचे रील लाखभर लोकांनी पाहिले, की तेच आईबाप नातेवाइकांना फोन करून सांगतात. ओरडणे आणि मिरवणे ह्या दोन्हींच्या मध्ये, पोराच्या शेजारी बसून "हे कसे चालते ते मला सांग" असे विचारणारा कोणी नसतो. त्या दिवशी मी तीन तास बसलो. जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवत आहे.

हा सगळा प्रकार फार जुना नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहणे गरिबालाही परवडू लागले. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. आपल्या वस्त्यांतली पोरे टिकटॉकवरून उठली आणि तिथे जाऊन बसली. भाचीने बारावीनंतरच्या सुट्टीत पान उघडले. पहिले सहा महिने मैत्रिणींखेरीज कोणी पाहत नव्हते.

मग ती शिकत गेली. वहीच्या मागच्या पानांवर तिने आपले धडे लिहिले आहेत. पहिल्या तीन सेकंदांत मुद्दा सांगितला नाही तर माणूस बोटाने पुढे सरकवतो. लोकलमध्ये बरेच जण आवाज बंद करून पाहतात, म्हणून बोललेले खाली अक्षरांतही लिहावे. पुस्तकी भाषेपेक्षा आपण घरात बोलतो तसे बोलावे. कमेंटला उत्तर दिले तर तो माणूस पुन्हा येतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीस जाहीरपणे सांगितले, की रील किती लोकांपुढे न्यायचे हे ठरवताना ते किती वेळ पाहिले गेले, किती जणांना आवडले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवले ह्या तीन गोष्टींना मोठे महत्त्व असते. तेही तिने टिपून ठेवले होते.

'एंगेजमेंट' म्हणून जो शब्द ही मुले वापरतात, त्याचा साखरपुड्याशी संबंध नाही. शंभर जणांनी पाहिले, त्यातल्या किती जणांनी काही केले, म्हणजे आवडल्याची खूण केली, लिहिले, जपून ठेवले, पुढे पाठवले, त्याची ती टक्केवारी. दोन हजार जणांनी पाहिले आणि शंभर जणांनी काही केले, तर पाच टक्के. जाहिरातवाले हा आकडा आधी विचारतात.

आता तिच्या वहीतली दोन रीले पाहा. एक आमच्याच नात्यातल्या हळदीचे. पोरी नाचत आहेत, मागे बँजो वाजतो आहे. पाहणारे १ लाख ८२ हजार. सेव्ह करणारे १४. त्या रीलने आठवड्यात अकराशे फॉलोअर वाढले आणि पुढच्या महिनाभरात त्यातले सातशे निघून गेले.

दुसरे रील आधार आणि बँक खात्याचे. शिष्यवृत्तीचा फॉर्म मंजूर झाला तरी पैसे येत नाहीत, ही आपल्या मुलांची नेहमीची रड. आपण समजतो की बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते जोडले गेले. परंतु आधारमार्फत जे सरकारी पैसे येतात, त्यासाठी आधार क्रमांकाशी एका वेळी एकच खाते जोडलेले असते. सर्वांत शेवटी जे खाते जोडले, त्यातच रक्कम पडते. मुलगा एका बँकेत हेलपाटे घालतो आणि पैसे पडलेले असतात दुसऱ्याच, कधीतरी उघडून विसरलेल्या खात्यात. कोणते खाते जोडले आहे ते कसे पाहावे, हे तिने दीड मिनिटात दाखवले. पाहणारे फक्त २,६००. सेव्ह करणारे ४३०. पुढे पाठवणारे ३१०. त्या आठवड्यात तिच्या दारात पासबुक घेऊन नऊ मुले आली.

मी म्हटले, "बाई, ह्यातलं मोठं रील कोणतं?"

ती म्हणाली, "मोबाईल म्हणतो नाचाचं. वही म्हणते आधारचं."

उत्तर ऐकून मला बरे वाटले. पण ती ज्या कामासाठी आली होती ते वहीच्या शेवटच्या पानावर होते. चार दिवसांपूर्वी तिला एका अनोळखी माणसाचा संदेश आला होता. मोबाईलवर रंग ओळखायचा, पैसे लावायचे, जिंकला तर दुप्पट, असा एक खेळ. त्याची लिंक तीन वेळा तिच्या स्टोरीवर टाकायची. बारा हजार रुपये. निम्मे आधी.

तिच्या कॉलेजची साडेआठ हजार फी थकली होती.

"मामा, मी कुणाला खेळा म्हणणार नाही. फक्त लिंक टाकणार. सगळे टाकतात. सांगा, घेऊ का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. आपल्या घरी बारा हजार म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. तिच्या आईच्या तीन-चार घरच्या कामाचा तो महिना आहे. अशा वेळी पोरीला तत्त्वज्ञान सांगणे सोपे आणि फी भरणे अवघड. म्हणून मी वही मागे मागे चाळू लागलो. एका पानावर लाल शाईची चौकट दिसली. पाहणारे ४१ हजार, नवे फॉलोअर ८००. त्याखाली काहीच नव्हते.

"हे कोणतं?"

ती गप्प झाली. मग हळूहळू सांगितले. मागच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या फॉर्मला मुदतवाढ मिळाल्याचे एक पत्रक व्हॉट्सॲपवर फिरत होते. आपण सर्वांत आधी सांगावे ह्या घाईत तिने तासाभरात रील केले. पत्रक आदल्या वर्षीचे होते. तारखेचा दिवस आणि महिना दिसत होता, साल कडेला कापले गेले होते. दोन दिवसांनी चूक लक्षात आली. तिने ते रील काढले आणि दुरुस्तीचे दुसरे टाकले. ते पाहिले १,९०० जणांनी. म्हणजे चुकीचे ऐकलेल्या एकवीस जणांमागे एकाच्या कानी खरे गेले.

तिच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा त्या रीलवर विसंबून थांबला होता. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला निघायचा होता, वेळ आहे म्हणून त्याने धावपळ केली नाही. मुदत संपली. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. फी भरायला त्याच्या आईने बचत गटातून कर्ज काढले.

"मी त्यानंतर दोन महिने काही टाकलं नाही," ती म्हणाली.

"त्याच्या घरी गेलीस?"

"नाही."

वाचकहो, ही चूक एकट्या आमच्या भाचीची आहे असे समजू नका. घाई आणि राग ह्या दोन गोष्टी ह्या यंत्रात जास्त धावतात. फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांवरून २०२१ मध्ये उघड झाले, की २०१७ पासून काही काळ तिथे रागाच्या चिन्हाला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले जात होते. पुढे २०२० मध्ये कंपनीने ते शून्यावर आणले. म्हणजे लोक भडकले की मजकूर अधिक दूर जात असे. शांतपणे सांगितलेली खरी गोष्ट मागे राहावी अशीच बाजारपेठ असेल, तर अठरा-वीस वर्षांच्या पोराने कुठे कुठे सावरावे? म्हणूनच त्याच्या शेजारी मोठे माणूस असावे लागते.

मी कारकून माणूस. बी.कॉम. करताना ताळेबंद शिकलो तेवढेच माझे भांडवल. मी तिला विचारले, "बँकेच्या ताळेबंदात लोकांच्या ठेवी कोणत्या बाजूला लिहितात?"

"देण्याच्या बाजूला."

"का? पैसे तर बँकेत आलेत."

"आलेत, पण लोकांचे आहेत. मागितले की परत द्यावे लागतात."

"तर मग तुझे ६,२०० फॉलोअर कोणत्या बाजूला लिहायचे?"

तिने वहीकडे पाहिले. अडीच वर्षे ती ते जमेच्या रकान्यात लिहीत होती.

मला एवढेच म्हणायचे होते. फॉलोअर ही कमाई नव्हे, ती ठेव आहे. लोकांनी आपला वेळ आणि विश्वास तुमच्याकडे ठेवलेला असतो. ठेव वापरून धंदा जरूर करावा. पण ती उधळली तर दिवाळे निघते, आणि ते आपल्या एकट्याचे निघत नाही.

हे आपल्याला नवीन नसावे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत'. दोन्ही पत्रे पैशाच्या अडचणीतच चालली आणि फार वर्षे टिकली नाहीत. त्यांच्या वर्गणीदारांची संख्या आजच्या एका नाचाच्या रीलपुढे काहीच नाही. परंतु त्यात जे छापून येई ते आपल्या माणसांनी आपल्यासाठी लिहिलेले आहे, हा भरवसा वाचणाऱ्याला होता. संख्या लहान होती, पत मोठी होती.

संध्याकाळी मी तिला म्हटले, "चल, मागच्या गल्लीत जाऊन येऊ." ती नको नको म्हणत होती. तरी आली. त्या मुलाची आई नुकतीच कामावरून परतली होती. आम्हाला बसायला चटई टाकली, चहा टाकला. भाचीने मान खाली घालून सांगितले, "काकू, ते माझंच चुकलं होतं."

ती बाई रागावली नाही. म्हणाली, "पोरी, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आम्ही कालेजात जाऊन विचारलं असतं. तू सांगितलंस म्हणून नाही विचारलं."

तेवढेच बोलली आणि चहा गाळायला आत गेली. भाची तिथे काही बोलली नाही. घरी येताना गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि मला म्हणाली, "मामा, शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात कसे आणायचे ते मी ह्याच पानावर सांगितलं. आता ते पैसे कुठे घालवायचे ते पण ह्याच पानावर सांगू का?" तिने मोबाईल काढला, त्या माणसाला नकार लिहिला आणि ब्लॉक केले. मी सांगितले म्हणून नव्हे. उत्तर तिचे तिला सापडले होते.

थकलेल्या फीचे काय? मी आणि तिच्या मावशीने मिळून निम्मी भरली. उरलेली दोन हप्त्यांत घ्यावी म्हणून तिने कॉलेजकडे अर्ज केला आहे. अजून उत्तर आलेले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नकार देणाऱ्या पोराच्या मागे घर उभे राहिले नाही, तर पुढच्या वेळी ते पोर होकार देईल आणि आपल्याला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

असो. आता पालकांसाठी आणि मुलांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली आहे. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "मी फक्त लिंक टाकली" हे सांगून सुटका होईल अशा भ्रमात राहू नये. एजंट नाव बदलतो, नंबर बदलतो, सापडत नाही. आपले पान मात्र आपल्या नावाने, फोटोसह तिथेच असते.

साबण, कपडे, क्लासेस अशी सरळ जाहिरात करायला हरकत नाही. कष्टाचे पैसे आहेत. परंतु पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर "ही जाहिरात आहे" असे ठळक आणि समजेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शिका काढली आहे. आणि जी वस्तू स्वतः वापरली नाही तिची स्तुती करू नये.

पैसे देऊन फॉलोअर विकत घेऊ नयेत. ती खोटी खाती असतात. पाहत नाहीत, लिहीत नाहीत, आणि टक्केवारी खाली ओढतात. स्वतःच्याच वहीत स्वतःच खोटी नोंद करण्यासारखे ते आहे.

"शिक्षण सोडून यूट्यूबर होतो" म्हणणाऱ्या मुलाला रागावू नका, त्याला गणित करायला बसवा. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळण्याच्या दोन वाटा आहेत. नेहमीच्या व्हिडिओंची वाट अशी: एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे. चार हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. एक माणूस सरासरी दोन मिनिटे पाहत असेल, तर १ लाख २० हजार वेळा पाहिले गेले पाहिजे. लहान शॉर्ट्सची वाट धरली तर नव्वद दिवसांत एक कोटी वेळा. आणि तो झाला फक्त दरवाजा. उत्पन्न त्याच्या पुढे सुरू होते. हे अशक्य नाही, परंतु पदवीच्या जागी नव्हे, पदवीबरोबर करावयाचे काम आहे.

सरकारी योजनेची माहिती देणाऱ्याने फिरत्या पत्रकावर विसंबू नये. शासन निर्णयाचा क्रमांक, दिवस, महिना आणि साल पाहावे. सरकारी संकेतस्थळावर तोच कागद आहे का ते पडताळावे. नसेल तर एक दिवस थांबावे. दुसऱ्याने आधी सांगितले तरी चालेल. चूक झालीच तर गुपचूप पुसू नये. चूक कोणती आणि खरे काय हे एकदा नव्हे, चार वेळा सांगावे, कारण दुरुस्ती हळू चालते.

मुलींच्या पानावर घाण लिहिणारे येतात. आपल्या मुलींच्या तर आडनावावरून आणि जातीवरूनही लिहितात. अशा वेळी "बंद कर ते पान" असे म्हणून आपल्याच मुलीला शिक्षा करू नका. लिहिलेल्याचा फोटो काढून जपून ठेवा, त्याला ब्लॉक करा, आणि धमकी असेल तर पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैशाची फसवणूक झाली तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. घराचा पत्ता, कॉलेजचे ओळखपत्र, रोज जाण्यायेण्याची वेळ रीलमध्ये दिसू देऊ नये.

भाचीने आता वहीत एक नवा रकाना आखला आहे: "ह्याचा उपयोग कुणाला झाला?" रविवारी सकाळी दहा ते बारा ती विहारात बसते. ज्यांना फॉर्म भरायचा आहे, खाते तपासायचे आहे, ते येतात. मागच्या गल्लीतला तो मुलगा पहिल्याच रविवारी आला, दाखला आधी काढून. त्या दोन तासांचे रील ती करत नाही.

पालकांनो, येत्या रविवारी आपल्या मुलाच्या शेजारी बसा. मोबाईल हिसकावू नका. एवढेच विचारा, "तुला किती जण पाहतात, आणि त्यातले किती जण तुझ्यावर विसंबून आहेत?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही, तर ते दोघांनी मिळून शोधा.

जयभीम.